१९४१ चा बेसबॉल हंगाम : .४०६, ५६ आणि दुसऱ्या ओळीतला सेसिल ट्रॅव्हिस

पूर्वारंग :

१९४१ च्या अमेरिकन लीगची (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) फलंदाजीच्या सरासरीची यादी काढली तर पहिली पाच नावं अशी दिसतात. बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स .४०६, वॉशिंग्टनचा सेसिल ट्रॅव्हिस .३५९, न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ .३५७, क्लीव्हलँडचा जेफ हीथ .३४० आणि फिलाडेल्फियाचा डिक सीबर्ट .३३४. बेसबॉलवर थोडंफार वाचलेल्यांना पहिलं आणि तिसरं नाव ठाऊक असतं. दुसरं नाव विचारलं की बहुतेक जण अडतात. हा धागा त्या पूर्ण यादीबद्दल आहे, पण सुरुवात विल्यम्सपासूनच करावी लागेल.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. इथली सरासरी म्हणजे धावा भागिले बाद असा हिशेब नाही. चेंडू मारून फलंदाज सुखरूप बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या टप्प्यावर, पोचला की हिट. दहा संधींत तीन हिट म्हणजे .३००, आणि वर्षभर .३०० राखणारा फलंदाज चांगला मानला जातो. .४०० म्हणजे दहात चार. १९४१ नंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात हे कुणालाही जमलेलं नाही. सगळ्यांत जवळ आला तो सॅन दिएगोचा टोनी ग्विन, १९९४ साली .३९४ वर, आणि त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगाम ऑगस्टमध्येच थांबला. त्याआधी १९८० मध्ये कॅन्सस सिटीचा जॉर्ज ब्रेट .३९० पर्यंत पोचला होता.

विल्यम्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता. हंगामाच्या सरावातच घोट्याचं हाड दुखावलं, म्हणून एप्रिलमध्ये तो जेमतेम बदली फलंदाज म्हणून उतरत होता. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फिलाडेल्फियात त्याला चारात एकच हिट मिळाली आणि सरासरी .४०० च्या किंचित खाली आली. ४४८ संधींत १७९ हिट, म्हणजे .३९९५५. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत पूर्णांकन केलं की .४०० होते. रेकॉर्ड बुकात .४०० च लागलं असतं. रविवारी, २८ सप्टेंबरला, डबलहेडर होता, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला सांगितलं की हवं तर बसून राहा.

तो बसला नाही. आदल्या संध्याकाळी संघाच्या क्लबहाउसचं काम बघणाऱ्या जॉनी ऑरलँडोबरोबर तो फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर कितीतरी वेळ चालत राहिला आणि दुसऱ्या दिवशी शाइब पार्कवर दोन्ही सामने खेळला. पहिल्या सामन्यात पाचात चार हिट, त्यात हंगामातला ३७ वा होमरन (आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेर जाणारा फटका). आता आकडा .४०४ होता आणि दुसऱ्या सामन्यात तीनही वेळा बाद झाला असता तरी .४०० च्या वरच राहिला असता. दुसऱ्या सामन्यात त्याने तीनात दोन हिट मारल्या, त्यातली एक मैदानावरच्या लाउडस्पीकरच्या कर्ण्यावर जाऊन आदळली. अखेरचा हिशेब ४५६ संधींत १८५ हिट, .४०६.

तरीही त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, डिमॅजिओ ठरला. २९१ गुण त्याला, २५४ विल्यम्सला. माझं ठाम मत आहे की १९४१ चा सर्वोत्तम फलंदाज विल्यम्सच होता, आणि फरक थोडाथोडका नव्हता. तुमचं काय म्हणणं?

लेगस्पिन :

सुंदर सुरुवात. शेवटच्या दिवसाचं वाचताना साहजिकच ओव्हल, १४ ऑगस्ट १९४८ आठवलं. ब्रॅडमनला शंभरच्या सरासरीसाठी चार धावा हव्या होत्या आणि एरिक हॉलीजने दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळा उडवला. ९९.९४. पण ब्रॅडमनपुढे बसून राहण्याचा पर्याय नव्हता. विल्यम्सपुढे होता, तोही व्यवस्थापकानेच देऊ केलेला. म्हणून मला त्याचे त्या दिवसाचे आठात सहा जास्त भावतात.

एक प्रश्न. डिमॅजिओची सरासरी पन्नास अंकांनी कमी, होमरन कमी, तरी एमव्हीपी तो कसा? मतदारांनी नक्की काय पाहिलं?

चार्ल्सकाठ :

बोस्टनकर असल्याने माझं मत कुठे जाणार ते उघड आहे, तरी डिमॅजिओची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे.

१५ मे ते १६ जुलै १९४१. सलग ५६ सामने, आणि प्रत्येक सामन्यात किमान एक हिट. २२३ संधींत ९१ हिट. त्याआधी अमेरिकन लीगचा विक्रम जॉर्ज सिसलरचा होता, १९२२ मधला, ४१ सामन्यांचा. तो २९ जूनला वॉशिंग्टनमध्ये मागे पडला, तोही डबलहेडरमध्ये. पहिल्या सामन्यात बरोबरी झाली आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळात कुणीतरी डिमॅजिओची बॅट चोरली! दुसऱ्या सामन्यात त्याने संघातल्या टॉमी हेन्रिककडची बॅट घेऊन हिट मारली. पुढे विली कीलरचा १८९७ पासूनचा ४४ चा आकडा होता. तो २ जुलैला होमरनने मोडला. समोर आमचेच रेड सॉक्स होते, आणि तो चेंडू डाव्या मैदानात उभ्या असलेल्या टेड विल्यम्सच्या डोक्यावरून गेला.

तो उन्हाळा कसा होता तेही बघा. २ जूनला लू गेरिग गेला. यांकीजचा हा खेळाडू, ज्याच्या आजाराला आज अमेरिकेत त्याच्याच नावाने ओळखतात. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिकेत सक्तीची लष्करभरती सुरू झालेली. अशा दिवसांत रोज सकाळी पेपर उघडून "काल जोने मारली का" एवढं बघणं लोकांना हवंहवंसं होतं. सरासरीचा आकडा रोज थोडा वर-खाली होतो. मालिका मात्र एका दिवसात संपते. त्यातला ताण कुणालाही कळतो, खेळ कळत नसला तरी.

आणि यांकीज १०१ सामने जिंकून पहिले आले, रेड सॉक्स १७ सामने मागे दुसरे. मतदारांनी विजेत्या संघाकडे झुकणं तेव्हा नेहमीचंच होतं.

खडीसाखर :

वाचतेय. खूप छान चाललंय. ती मालिका संपली कशी?

चार्ल्सकाठ :

@खडीसाखर, १७ जुलैला क्लीव्हलँडला, रात्रीच्या सामन्यात, ६७,४६८ प्रेक्षकांपुढे. थर्ड बेसवर केन केल्टनर नावाचा क्षेत्ररक्षक रेषेला अगदी चिकटून, बराच मागे उभा होता. डिमॅजिओने दोनदा कडक फटका त्याच रेषेवरून मारला आणि दोन्ही वेळा केल्टनरने उलट्या हाताने अडवून तिथूनच लांब फेक करत त्याला बाद केलं. मधे एकदा वॉक मिळाला, म्हणजे न मारताच पहिला बेस. आठव्या इनिंगमध्ये (सामन्याच्या नऊ डावांपैकी आठव्या) बेस भरलेले, पिचर म्हणजे चेंडू टाकणारा नुकताच बदललेला, आल स्मिथच्या जागी जिम बॅग्बी. फटका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) लू बूद्रोकडे गेला, चेंडू शेवटच्या क्षणी वेडावाकडा उसळला, तरी त्याने पकडला आणि दोन गडी बाद. संपलं.

दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने पुन्हा सलग १६ सामन्यांत हिट मारली.

नागपुरी_संत्रं :

बेसबॉल कॉलेजात थोडा खेळलोय, म्हणून लिहितो. ५६ सामन्यांची मालिका टिकवायची तर रोज नशीबही लागतं. मारलेला चेंडू बरोब्बर क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला की खेळ खल्लास. माझ्या मते .४०६ जास्त मोठं, कारण ते १४३ सामन्यांत पसरलंय. पूर्वारंग, एक सांगा. त्या दोन महिन्यांत विल्यम्स काय करत होता?

पूर्वारंग :

@नागपुरी_संत्रं, नेमका प्रश्न विचारलात. डिमॅजिओची मालिका चालू होती त्या काळात डिमॅजिओची सरासरी .४०८ होती. त्याच दिवसांत विल्यम्सची .४१२ होती. अख्खा देश डिमॅजिओकडे बघत असताना बोस्टनचा हा पोरगा त्याच्याही पुढे खेळत होता!

@लेगस्पिन, मतदारांबद्दल चार्ल्सकाठ यांनी लिहिलंय ते पटतं. त्यात एक भर. आज आपल्याला .४०६ दुर्मीळ वाटतं कारण नंतर कुणी केलं नाही. १९४१ च्या वार्ताहराला ते तसं दिसत नव्हतं. न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने अकराच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, .४०१ केलं होतं. विसाच्या दशकात तर सिसलर, हॉर्न्सबी, कॉब, हाइलमन या सगळ्यांनी .४०० ओलांडलं. हॉर्न्सबीने तीनदा, त्यात १९२४ चं .४२४. म्हणजे .४०० हा मोठा पराक्रम होता, पण पुन्हा होईल असं लोक धरून चालले होते. ५६ मात्र कुणी पाहिलंच नव्हतं. मतदानाचा निकाल त्या दिवसात जाऊन पाहिला की समजतो. मान्य मात्र होत नाही.

मान्य का होत नाही, तर वॉकमुळे. विल्यम्सला त्या वर्षी १४७ वॉक मिळाले आणि तो फक्त २७ वेळा स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडू न मारताच बाद, झाला.

अबोली_कोल्हापूर :

वॉक म्हणजे आपल्या वाइडसारखं का? मग त्यात फलंदाजाचं कर्तृत्व काय?

पूर्वारंग :

@अबोली_कोल्हापूर, जवळपास तसंच, पण कर्तृत्व आहे, आणि भरपूर आहे. पिचरने ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर तो फुकट पहिल्या बेसवर जातो. सोडून देणं हेच अवघड. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू चौकटीला स्पर्श करेल की दोन इंच बाहेर जाईल हे अर्ध्या सेकंदाच्याही आत ठरवायचं असतं. वॉक मिळाला की ती संधी सरासरीच्या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे सरासरीत वॉकचं श्रेय दिसतच नाही.

त्यासाठी दुसरा आकडा आहे, बेसवर पोचण्याचं प्रमाण. हिट, वॉक, अंगाला लागलेला चेंडू, सगळं धरून. १९४१ मध्ये विल्यम्सचं ते .५५३ होतं. म्हणजे तो मैदानात उतरला की निम्म्याहून जास्त वेळा बादच झाला नाही. डिमॅजिओचं .४४०. तेही उत्तमच, पण शंभर अंकांहून जास्त तफावत आहे. फटक्यांचं वजन मोजणारा आकडा, स्लगिंग, विल्यम्सचा .७३५ आणि डिमॅजिओचा .६४३. होमरन ३७ विरुद्ध ३०. फक्त आरबीआयमध्ये, म्हणजे त्याच्या फटक्यावर घरी आलेल्या धावांमध्ये, डिमॅजिओ पुढे, १२५ विरुद्ध १२०. आरबीआयमध्ये आणखी सहा मिळाले असते तर विल्यम्सला सरासरी, होमरन, आरबीआय अशी तिहेरी माळ मिळाली असती.

विल्यम्स चौकटीबाहेरच्या चेंडूला हात लावत नसे, आणि चौकटीतल्याही कडेच्या चेंडूंबद्दल त्याचा हिशेब पक्का होता. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयात, त्याची चौकट रंगीत चेंडूंनी मांडून दाखवली आहे. मधोमध आलेल्या चेंडूवर आपण .४०० मारू, आणि खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात आलेल्यावर .२३०, असा त्याचा स्वतःचा अंदाज. त्या कोपऱ्यातला चेंडू शक्यतो सोडायचा आणि पिचरला मधे यायला लावायचं, हे त्याचं सगळं शास्त्र.

रच्याकने, त्या काळी उंच उडालेला चेंडू झेलला गेला आणि त्यावर धावपटू घरी आला, तर ती फलंदाजाची फुकट गेलेली संधी धरत. आज ती हिशेबातून वगळतात. आजचा नियम लावला तर .४०६ आणखी वर जाईल.

अबोली_कोल्हापूर :

आता कळलं. धन्यवाद. क्रिकेटमध्ये ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याचं कौतुक जुनेजाणते करतात, इथे त्याला थेट बेस मिळतो हे आवडलं.

चार्ल्सकाठ :

फेनवे पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानावर, कधी आलात तर उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये हिरव्या खुर्च्यांच्या मधे एकच लाल खुर्ची दिसेल. ९ जून १९४६ ला विल्यम्सचा होमरन तिथे जाऊन पडला होता, ५०२ फूट. न्यू इंग्लंडमधले बरेच मराठी लोक पाहुण्यांना ती दाखवायला नेतात. ती खुर्ची इतकी वर आहे की तिथून खाली होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, पाहिल्यावर अंतराचा अंदाज येतो, फोटोत येत नाही.

मध्यरात्रीचा_वाचक :

विल्यम्स विरुद्ध डिमॅजिओ हा वाद ऐंशी वर्षांहून जास्त जुना आहे आणि त्यात दोघांचंही भलं झालं. मूळ लेखात ज्याचं नाव शीर्षकात घेतलंत त्याच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. सेसिल ट्रॅव्हिस?

पूर्वारंग :

@मध्यरात्रीचा_वाचक, त्याच्याचसाठी धागा काढलाय. सविस्तर लिहितो.

ट्रॅव्हिस जॉर्जिया राज्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. वॉशिंग्टन सेनेटर्सकडून शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसला खेळायचा. संघ बहुतेक वर्षं तळाच्या बाजूला, त्यामुळे त्याच्याकडे कॅमेरे फिरकत नसत. होमरन मारणारा गडी नव्हता तो. चेंडू जिथे येईल तिथून, बहुतेक डाव्या मैदानाकडे, सरळ रेषेत मारायचा. १९४१ मध्ये त्याने ६०८ संधींत २१८ हिट मारल्या. दोन्ही लीग धरून त्या वर्षी सर्वांत जास्त हिट त्याच्या! विल्यम्सच्या १८५, डिमॅजिओच्या १९३. शिवाय ३९ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारी हिट), १९ ट्रिपल (तिसऱ्यापर्यंत नेणारी), १०१ आरबीआय, आणि सगळ्या हंगामात स्ट्राइक आउट फक्त २५. शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्याकडून लोक तेव्हा क्षेत्ररक्षणाची अपेक्षा करत, फलंदाजी हा वरचा लाभ समजत. त्या जागेवरून .३५९ म्हणजे काय चीज आहे ते खेळ पाहणाऱ्यांना सांगायला नको.

वय २८. फलंदाजाचं ऐन बहरात यायचं वय.

७ डिसेंबरला पर्ल हार्बर झालं आणि काही आठवड्यांत तो सैन्यात गेला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपात, बल्जच्या लढाईच्या वेळी, बर्फात त्याचे पाय गोठले. पाय वाचले. १९४५ मध्ये तो परत आला, वॉशिंग्टनसाठी पुन्हा उतरला, पण सरासरी १९४६ मध्ये .२५२, १९४७ मध्ये .२१६. मग निवृत्ती. लोक गोठलेल्या पायांना दोष देत. तो स्वतः म्हणायचा की पायांमुळे नाही, चार वर्षं मोठ्या दर्जाचा खेळ न खेळल्याने चेंडूचा टायमिंग गेला तो परत आला नाही. युद्धाबद्दल त्याने कधी तक्रार केल्याचं वाचनात नाही. २००६ मध्ये तो वारला. कारकिर्दीची सरासरी .३१४ आहे, आणि युद्धाआधीपर्यंतची .३२७ होती.

आता विल्यम्सकडे पाहा. तोही युद्धात गेला, १९४३ ते ४५ ची तीन वर्षं, वैमानिक म्हणून. पुढे कोरियातही गेला. पण तो परतला तो तसाच, आणि १९४६ मध्ये एमव्हीपी झाला. डिमॅजिओही तीन वर्षं गमावून परतला आणि पुन्हा जिंकला. तिघांच्या नावापुढे सारखीच रिकामी वर्षं आहेत, पण ट्रॅव्हिसच्या बाबतीत त्या रिकाम्या वर्षांनंतर काहीच उरलं नाही. हॉल ऑफ फेममध्ये तो नाही. व्हायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

खडीसाखर :

हे वाचून अस्वस्थ झाले. २१८ हिट मारणाऱ्या माणसाचं नावही मला आजवर माहीत नव्हतं.

लेगस्पिन :

ट्रॅव्हिसबद्दल लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हॉल ऑफ फेमबद्दल मात्र थोडा वेगळा विचार. कारकीर्द मोजताना जे खेळला तेवढंच मोजायचं की जे खेळला असता तेही? दुसरा रस्ता धरला तर थांबायचं कुठे? मला वाटतं त्याची आठवण ठेवायला हॉल ऑफ फेमची गरज नाही, हा १९४१ चा तक्ताच पुरेसा आहे.

चार्ल्सकाठ :

@लेगस्पिन, असहमत. ज्या देशाने त्याला बोलावून नेलं त्याच देशाचा तो खेळ आहे. युद्धाची वर्षं हिशेबात धरायला कुणी मनाई केलेली नाही, आणि विल्यम्सच्या बाबतीत सगळे ती धरतातच. "पाच वर्षं गेली नसती तर त्याचे होमरन किती झाले असते" हे वाक्य बोस्टनमध्ये लहान मुलंही म्हणतात. मग ट्रॅव्हिसला वेगळा न्याय का?

टोकियोहून :

नॅशनल लीगबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे सरासरीत पहिला आला ब्रुकलिन डॉजर्सचा पीट राइझर, .३४३. वय २२, नॅशनल लीगच्या इतिहासात तोवर इतक्या लहान वयात कुणी पहिलं आलं नव्हतं. डबल ३९, ट्रिपल १७, धावा ११७, तिन्हीत लीगमध्ये सर्वाधिक. दुसरा जॉनी कूनी .३१९ वर होता, म्हणजे फरक केवढा ते बघा. एमव्हीपी मात्र त्याच्याच संघातला डॉल्फ कॅमिली झाला, ३४ होमरन आणि १२० आरबीआयवर.

राइझर चेंडूमागे पळायचा तो भिंत समोर आहे हे विसरून. जुलै १९४२ मध्ये सेंट लुइसला इनोस स्लॉटरचा उंच फटका पकडायला गेला आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळला. तेव्हा तो .३५० च्या आसपास होता, हंगाम .३१० वर संपला. नंतरही तो भिंतींवर आदळत राहिला. ब्रुकलिनने आपल्या मैदानाच्या भिंतीला रबराचं अस्तर लावलं ते त्याच्या १९४७ च्या दुखापतीनंतर. आज प्रत्येक मैदानात भिंतीआधी मातीचा पट्टा असतो आणि भिंतीला गाद्या असतात, त्याच्या मुळाशी अशा दुखापती आहेत.

आणि त्याच सप्टेंबरमध्ये सेंट लुइसने वीस वर्षांच्या एका पोराला वर बोलावलं. १२ सामने, ४७ संधी, २० हिट, .४२६. तो स्टॅन म्युझियल.

मी जिथे राहतो तिथलंही सांगतो. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये १९४१ मध्ये पहिला आला क्योजिन संघाचा तेत्सुहारू कावाकामी, .३१० वर. इकडे त्याला फलंदाजीचा देव म्हणतात.

नागपुरी_संत्रं :

@टोकियोहून, जबरदस्त माहिती. जेफ हीथबद्दल मी भर घालतो, चौथ्या क्रमांकावरचा. कॅनडात जन्मलेला. त्या वर्षी ३२ डबल, २० ट्रिपल, २४ होमरन. तिन्ही प्रकारांत वीस किंवा जास्त करणारा अमेरिकन लीगमधला तो पहिला. ट्रिपलसाठी पळावं लागतं, होमरनसाठी ताकद लागते, आणि एका माणसात दोन्ही क्वचित असतं. विल्यम्स आणि डिमॅजिओ नसते तर १९४१ हे हीथचं वर्ष म्हणून लक्षात राहिलं असतं.

मध्यरात्रीचा_वाचक :

सगळं आवडलं, पण या सगळ्या याद्यांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती नोंदवायलाच हवी. १९४१ मध्ये अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला उतरला. तोवर ते वेगळ्या लीगमध्ये खेळत, कमी पैशात, बसमधून रात्र-रात्र प्रवास करत. त्या काळातला सर्वांत भयंकर फलंदाज बहुधा जॉश गिब्सन होता, आणि १९४१ मध्ये तो अमेरिकेतही नव्हता. मेक्सिकोत वेराक्रुझकडून खेळत होता. तिथे त्याने .३७४, ३३ होमरन आणि १२४ आरबीआय केले, तेही शंभराहून कमी सामन्यांत.

२०२० मध्ये त्या जुन्या कृष्णवर्णीय लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले. आता एका हंगामातली सर्वोच्च सरासरी म्हणून नाव लागतं ते गिब्सनचं, १९४३ चं .४६६. कारकिर्दीतही त्याचं .३७२ हे टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेलं. म्हणून ".४०० करणारा शेवटचा माणूस विल्यम्स" हे वाक्य आता तसंच्या तसं लिहिता येत नाही. पूर्वारंग यांनी मूळ लेखात लीगची नावं घेऊन लिहिलंय, ते योग्यच केलं.

पूर्वारंग :

@मध्यरात्रीचा_वाचक, हे तुम्ही लिहिलंत याचा आनंद झाला. आणि यात विल्यम्सबद्दलची मला सर्वांत प्रिय गोष्ट येते. १९६६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्याने आपल्या छोट्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेऊन सांगितलं की संधीच न मिळालेल्या या थोर खेळाडूंनाही इथे जागा मिळावी अशी माझी आशा आहे. तेव्हा तसं व्यासपीठावरून बोलणारे फार नव्हते. १९७१ मध्ये पेजला आणि १९७२ मध्ये गिब्सनला घेतलं. विल्यम्सची स्वतःची आई मेक्सिकन वंशाची होती, ही गोष्ट त्याने बरीच वर्षं उघड बोलून दाखवली नव्हती. मला ते भाषण .४०६ इतकंच मोठं वाटतं.

यादीत नसलेलं आणखी एक नाव, वेगळ्या कारणाने. डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग, १९४० चा एमव्हीपी. मे १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या कितीतरी आधी, त्याची भरती झाली. १९ सामने खेळून गेला, शेवटच्या सामन्यात दोन होमरन मारून. ५ डिसेंबरला त्याला सोडलं, दोनच दिवसांत पर्ल हार्बर झालं आणि तो पुन्हा आपणहून भरती झाला.

लेगस्पिन :

आता मुख्य प्रश्न. .४०० पुन्हा का होत नाही? आजचे खेळाडू तर जास्त ताकदीचे, जास्त तयारीचे.

टोकियोहून :

@लेगस्पिन, याचं मला पटलेलं उत्तर स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाने दिलं होतं. लोक म्हणत की फलंदाज कच्चे झाले. त्याने उलट सांगितलं. लीगची एकूण सरासरी दशकानुदशकं .२६० च्या आसपासच राहते, ती कमी-जास्त झाली की नियम बदलून परत तिथे आणतात. बदललं ते खेळाडूंमधलं अंतर. सगळ्यांचाच दर्जा वाढला, त्यामुळे कच्चे पिचर उरले नाहीत, कच्चे फलंदाजही उरले नाहीत, आणि सर्वोत्तम माणूस सरासरीपासून पूर्वीइतका दूर जाऊ शकत नाही. १९४१ ची अमेरिकन लीगची सरासरी .२६६ होती. विल्यम्स तिच्यापासून १४० अंक वर होता.

याशिवाय आता सामन्यात तीन-चार ताजे पिचर येतात, तेव्हा थकलेला पिचर नवव्या इनिंगपर्यंत टाकत राहायचा.

नागपुरी_संत्रं :

ताजे पिचर हेच खरं कारण, माझ्या मते. चौथ्या वेळी तोच पिचर समोर आला की त्याचा हात कळलेला असतो. गूल्ड यांचा मुद्दा आकड्यांत बरोबर असेल, पण मैदानावर उभं राहिलं की आधी हेच जाणवतं.

चार्ल्सकाठ :

एक प्रसंग राहिला, तो लिहिते, कारण त्यात दोघंही एकत्र आहेत. ८ जुलै १९४१, डेट्रॉइट, ऑल-स्टार सामना, म्हणजे दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंमधला. शेवटची इनिंग, अमेरिकन लीग ४-५ ने मागे, दोन गडी बाद. त्याआधी डिमॅजिओचा जमिनीवरचा फटका दुहेरी बाद होण्याच्या बेतात होता, पण फेक जरा भरकटली आणि तो पहिल्या बेसवर वाचला. पुढचा विल्यम्स. क्लॉड पासोच्या चेंडूवर उजव्या बाजूला वरच्या मजल्यापर्यंत तीन धावांचा होमरन, ७-५. त्या वेळच्या चित्रफितीत विल्यम्स टाळ्या वाजवत, उड्या मारत बेस पार करताना दिसतो. होम प्लेटवर त्याचं स्वागत करणाऱ्यांत डिमॅजिओ होता. विल्यम्सने आयुष्यभर हा आपला सर्वांत आवडता फटका मानला.

लेगस्पिन :

सगळ्यांचं वाचून मीही विल्यम्सच्या बाजूला आलोय, फलंदाज म्हणून. पण एमव्हीपी मी अजूनही डिमॅजिओलाच देईन. तो मधल्या मैदानाचा अव्वल क्षेत्ररक्षक होता, संघ जिंकला, आणि वर्षभरात फक्त १३ वेळा स्ट्राइक आउट. ३० होमरन मारणाऱ्या माणसाचे १३! विल्यम्सपेक्षाही कमी.

पूर्वारंग :

@लेगस्पिन, १३ चा मुद्दा मला मान्य, त्याच्यासारखं ते दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही म्हटलं तरी चालेल. पण मग पुढच्या वर्षाचं काय? १९४२ मध्ये विल्यम्सने .३५६, ३६ होमरन, १३७ आरबीआय अशी तिहेरी माळ घेतली आणि एमव्हीपी यांकीजच्याच जो गॉर्डनला मिळाला. १९४७ मध्ये पुन्हा तिहेरी माळ, आणि पुन्हा डिमॅजिओ, २०२ विरुद्ध २०१, एका गुणाने. १९४१ चं मत मी एक वेळ समजून घेईन. १९४७ चं नाही. त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे या.